लेहमनला बुडू दिलं ते चुकलं का? वाद भलतीकडेच चाललाय

सप्टेंबर आला की हा वाद हमखास निघतो, २००८ च्या सप्टेंबरात बुडालेल्या लेहमन ब्रदर्स या वॉल स्ट्रीटवरच्या पेढीला अमेरिकन सरकारने वाचवायला हवं होतं की नव्हतं. एक गट म्हणतो वेळेवर थोडे पैसे ओतले असते तर पुढचं महाभारत टळलं असतं, दुसरा म्हणतो बरं झालं, त्या सुटाबुटातल्या जुगाऱ्यांना कधीतरी आपटायलाच हवं होतं. मला विचाराल तर दोघंही भलत्या प्रश्नावर भांडतायत. वाचवा नाहीतर बुडवा, दोन्हीची काही ना काही बाजू मांडता येते, पण काय करणार ते आधी सगळ्यांना माहीत हवं आणि हिशोबावर ज्याने सही केली त्याला त्या सहीचा जाब विचारला गेला पाहिजे. २००८ मध्ये यातलं एकही झालं नाही आणि आपल्याकडे आजही नीट होत नाही.

लेहमन म्हणजे आपण ज्याला बँक म्हणतो तसली बँक नव्हे. पासबुक नाही, एफडी नाही, लॉकर नाही. १८५० साली अलाबामातल्या माँटगोमेरीत जर्मनीहून आलेल्या भावांनी कापसाचा व्यापार सुरू केला, पुढे बिऱ्हाड न्यूयॉर्कला हललं आणि कंपन्यांना बाजारातून पैसा उभा करून देणं, बॉण्ड-शेअरचे सौदे, हा मुख्य धंदा झाला. यादवी युद्ध, १९२९ चा क्रॅश, दोन महायुद्धं, सगळं पचवून १५८ वर्षं टिकलेली पेढी.

आता २००७ च्या शेवटचा ताळेबंद बघा. मालमत्ता ६९१ अब्ज डॉलर, त्यात स्वतःचं भांडवल साधारण साडेबावीस अब्ज. म्हणजे एकतीस रुपयांच्या मालात स्वतःचा एक रुपया, बाकी तीस दुसऱ्यांचे. मालाची किंमत साडेतीन टक्के घसरली की विषय संपला. आणि माल तरी कसला, तर घरकर्जांची गाठोडी बांधून केलेले बॉण्ड आणि मोठमोठ्या इमारतींमधली गुंतवणूक, म्हणजे नेमकं तेच जे तेव्हा घसरायला लागलं होतं. बाजार फिरलाय हे २००७ च्या जून-जुलैतच दिसत होतं, बेअर स्टर्न्स या लेहमनसारख्याच पेढीचे दोन फंड तेव्हाच झोपले होते, तरी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लेहमनने टिशमन स्पायरबरोबर आर्चस्टोन नावाची अपार्टमेंटवाली कंपनी २२ अब्ज डॉलरच्या सौद्यात घेतली. इतर जण घाबरलेत म्हणजे आपण घ्यायचं, असा एकूण पवित्रा.

पण नुसत्या उधारीने कुणी एका वीकेंडमध्ये मरत नाही. उधारी किती आहे यापेक्षा ती किती दिवसांची आहे यावर सगळं असतं. आपलं घरकर्ज वीस वर्षांचं असतं, बँक उद्या सकाळी उठून सगळे द्या म्हणत नाही. लेहमनचं कर्ज मोठ्या प्रमाणात एका रात्रीचं होतं. याला रेपो म्हणतात, आपल्याकडचे बॉण्ड समोरच्याकडे ठेवायचे, पैसे घ्यायचे, दुसऱ्या दिवशी पैसे देऊन बॉण्ड परत घ्यायचे आणि लगेच पुन्हा तेच करायचं. रोजच्या रोज शेकडो अब्ज डॉलरची ही उलाढाल आणि त्यावर वर्षानुवर्षं न विकल्या जाणाऱ्या इमारती उभ्या. जोपर्यंत समोरचा रोज सकाळी हो म्हणतोय तोपर्यंत सगळं मस्त. एका सकाळी तो म्हणाला की आज नको रे, जरा बघूया, की संपलं. म्हणून मला नुसतं ‘हाव नडली’ म्हणणारे लेख पटत नाहीत. हाव सगळ्यांनाच असते, नाक्यावरच्या वडापाववाल्यालाही असते. रोजच्या उधारीवर वीस वर्षांचा माल धरून बसायची मुभा यांना कुणी दिली, हे विचारायला हवं.

आणि इथे ती रेपो १०५ ची भानगड येते. आकडे पाहून डोकं गरगरतं म्हणून लोक हा भाग सोडून देतात, खरं तर सगळ्यात वाचण्यासारखा हाच आहे. साध्या रेपोत शंभराच्या कर्जासाठी एकशे दोनच्या आसपासचे बॉण्ड ठेवतात आणि पुस्तकात ते कर्ज म्हणूनच दिसतं. लेहमनने शोधून काढलं की शंभरासाठी एकशे पाचचे बॉण्ड दिले तर हिशोबाच्या नियमांचा एक अर्थ लावून त्याला ‘विक्री’ म्हणता येतं. सराफाकडे पाटल्या गहाण टाकायच्या, आलेल्या पैशात दुसरी देणी फेडायची, घरच्या वहीत लिहायचं ‘पाटल्या विकल्या’, सासऱ्यांना वही दाखवून झाली की आठ-दहा दिवसांनी पाटल्या सोडवून आणायच्या. तिमाही संपायच्या जरा आधी हे करायचं, तिमाही संपली की उलटं फिरवायचं. २००८ च्या दुसऱ्या तिमाहीत असे पन्नास अब्ज डॉलर पुस्तकातून गायब होते. गुंतवणूकदार खूश, बघा बघा कर्ज कमी केलं.

याला विक्री म्हणा असं लिहून द्यायला अमेरिकेतली एकही लॉ फर्म मिळाली नाही, म्हणून लंडनच्या लिंकलेटर्सकडून इंग्लिश कायद्याखाली मत घेतलं आणि सौदे लंडनच्या शाखेतून फिरवले. हे सगळं आपल्याला कळतं ते दिवाळखोरी कोर्टाने नेमलेल्या अँटन व्हॅलुकास यांच्या २,२०० पानी अहवालातून, मार्च २०१० मध्ये तो बाहेर आला. त्यात ईमेल आहेत. कंपनीच्याच एका बड्या अधिकाऱ्याने लिहिलंय की ही आपल्याला लागलेली आणखी एक नशा आहे. अकाउंट्समधल्या एका सीनियर माणसाने मे २००८ मध्ये लेखी पत्र देऊन ताळेबंदाबद्दल शंका काढल्या, काही आठवड्यांत त्याचीच नोकरी गेली. ऑडिटर होते अर्न्स्ट अँड यंग. आणि रेटिंग? दिवाळखोरीचा अर्ज टाकेपर्यंत ‘ए’ गटातलं. आपली सिबिल साडेसातशेच्या खाली गेली की बँकवाले तोंड वाकडं करतात ते वेगळं.

आता तो वीकेंड. सहा महिने आधी, मार्चमध्ये बेअर स्टर्न्स बुडायला आली तेव्हा फेडने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, २९ अब्ज डॉलरची जोखीम स्वतःकडे घेऊन ती जेपी मॉर्गनच्या पदरात टाकली. ७ सप्टेंबरला फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या घरकर्जवाल्या दोन अवाढव्य संस्था सरकारने ताब्यात घेतल्या. बाजाराने यातून काय शिकायचं? हेच ना, की मोठा असेल तर सरकार धावतं. १० सप्टेंबरला लेहमनने तिमाहीचा ३.९ अब्ज डॉलरचा तोटा जाहीर केला, शुक्रवारी १२ तारखेला वॉल स्ट्रीटच्या सगळ्या बड्या साहेबांना न्यूयॉर्क फेडच्या ऑफिसात बोलावून घेतलं, आणि अर्थमंत्री हेन्री पॉलसन यांनी सांगितलं की यावेळी सरकारी पैसा नाही, तुमचं तुम्ही बघा. बँक ऑफ अमेरिकेने लेहमन बाजूला ठेवून मेरिल लिंच उचलली, ५० अब्ज डॉलरला. बार्कलेज तयार होती पण शेअरहोल्डरांचं मतदान न घेता हमी द्यायला ब्रिटनच्या नियामकाने सूट दिली नाही. सोमवारी १५ तारखेला पहाटे पावणेदोनच्या सुमाराला अर्ज दाखल झाला, ६१३ अब्ज डॉलरचं देणं, अमेरिकेच्या इतिहासातली सगळ्यात मोठी दिवाळखोरी. आणि मंगळवारी? मंगळवारी त्याच सरकारने एआयजी या विमा कंपनीला ८५ अब्ज डॉलर दिले.

शनिवार-रविवारी नाही, मंगळवारी हो. माझ्या मते खरं नुकसान इथे झालं. सरकार वाचवणार आहे हे माहीत असतं तर लोक त्या हिशोबाने वागले असते, वाचवणार नाही हे पक्कं असतं तर मार्चपासूनच पैसे काढून घेतले असते आणि लेहमनचा फुगा हळूहळू उतरला असता. इथे कुणालाच काही कळेना. म्हणून प्रत्येकाने ठरवलं की कुणालाच उधार द्यायचं नाही. फेडचे प्रमुख बेन बर्नान्की आणि पॉलसन पुढे म्हणाले की आमच्याकडे कायदेशीर अधिकारच नव्हता, लेहमनकडे तेवढं तारण नव्हतं. जॉन्स हॉपकिन्सचे अर्थतज्ज्ञ लॉरेन्स बॉल यांनी कागदपत्रं उपसून सांगितलं की तारण होतं, मदत करता आली असती, मुद्दा कायद्याचा नव्हताच. मला बॉल यांचं पटतं. बेअरच्या सौद्यावरून पॉलसनवर चौफेर टीका झाली होती, निवडणूक दोन महिन्यांवर होती, राजकारण त्यात नव्हतं असं म्हणणं जरा भाबडेपणाचं आहे. पण समजा अधिकार नव्हता, तर मग मार्चपासून सप्टेंबरपर्यंत सहा महिने काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे, जाऊन तो मागितला का नाही?

एक गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. न्यूयॉर्कला पहाटेचे पावणेदोन म्हणजे मुंबईत सकाळचे सव्वाअकरा. रविवारी अनंत चतुर्दशी झालेली, अख्खं शहर विसर्जनाच्या जागरणातून नुकतं कामावर परतलेलं, दलाल स्ट्रीट चालू, आणि पवईत लेहमनचं बॅक ऑफिस चालू. दोन हजारांच्या वर पोरंपोरी तिथे कामाला होती, वॉल स्ट्रीटच्या सौद्यांचे हिशोब, आयटी, रिसर्चचं सपोर्टचं काम. त्यांना कुणी अपार्टमेंट कंपनी विकत घ्यायला सांगितली नव्हती की रेपो १०५ वर सही करायला. पुढे जपानच्या नोमुराने लेहमनचा आशिया आणि युरोपातला धंदा घेतला, त्यात ऑक्टोबरमध्ये पवईही घेतली, म्हणून त्यातल्या बऱ्याच जणांचं निभावलं. नशीब म्हणायचं, दुसरं काय.

बाकीच्यांचं नशीब तेवढं नव्हतं. अमेरिकेत रिझर्व्ह प्रायमरी नावाचा मनी मार्केट फंड होता, ६२ अब्ज डॉलरचा, लोक त्यात पैसे ठेवायचे ते बचत खात्याइतकंच सेफ आहे म्हणून. त्यात लेहमनचे ७८५ दशलक्ष डॉलरचे कागद निघाले, म्हणजे सव्वा टक्का जेमतेम, पण मंगळवारी एका डॉलरचे ९७ सेंट झाले आणि लोकांनी सगळ्याच फंडांमधून पैसे काढायला धाव घेतली. हे फंडच मोठमोठ्या कंपन्यांना पगार-बिलांसाठी थोड्या दिवसांचं कर्ज द्यायचे, ते थांबलं, तेव्हा कुठे वॉशिंग्टनला घाम फुटला आणि त्याच शुक्रवारी सरकारने या फंडांना हमी दिली. हाँगकाँगमध्ये तर चाळीस हजारांहून जास्त साध्या लोकांकडे लेहमनचे ‘मिनीबॉण्ड’ होते, त्यात निवृत्त म्हातारी माणसं कितीतरी, नेहमीच्या बँकेतल्या ओळखीच्या माणसाने व्याज जास्त आहे म्हणून गळ्यात मारलेले. ते लोक महिनोन्‌महिने बँकांच्या दारात फलक घेऊन उभे राहिले तेव्हा २००९ च्या जुलैत बँका साठ-सत्तर टक्के परत द्यायला तयार झाल्या. रस्त्यावर आले म्हणून मिळालं.

भारतात आपण म्हणत होतो की आपल्याला काय, आपल्या बँकांनी तसले कागद घेतलेच नाहीत. ते बऱ्यापैकी खरंही होतं. आयसीआयसीआयच्या ब्रिटनमधल्या उपकंपनीकडे लेहमनचे थोडे बॉण्ड होते, बँकेच्या आकाराच्या मानाने किरकोळ, पण अफवा अशी पसरली की एटीएमसमोर रांगा लागल्या आणि ३० सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेला जाहीर सांगावं लागलं की बँकेकडे पुरेसा पैसा आहे. दुव्वुरी सुब्बाराव गव्हर्नर होऊन जेमतेम दहा दिवस झाले होते जेव्हा लेहमन गेली. आपल्याला फटका बसला तो वेगळ्या दाराने. ज्या भारतीय कंपन्या बाहेरून डॉलर उचलत होत्या त्यांचा नळ बंद झाला, मग त्या इथल्या बँकांकडे वळल्या, म्युच्युअल फंडांत ठेवलेले पैसे काढायला लागल्या, फंडांची तारांबळ उडाली, त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबरमध्ये २० हजार कोटींची खास खिडकी उघडली. जानेवारीत २१ हजार पाहिलेला सेन्सेक्स ऑक्टोबरच्या शेवटी आठ हजारांच्या खाली डोकावून आला. सुरतेतले हिऱ्याचे कारखाने बंद पडले, पुण्यात कॅम्पस ऑफर हातात असलेल्या पोरांचं जॉइनिंग पुढे पुढे ढकललं गेलं. रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ९ टक्क्यांवरून एप्रिल २००९ पर्यंत ४.७५ वर आणावा लागला. मॅनहॅटनमधल्या एका तिमाही ताळेबंदाशी त्या सुरतेतल्या कारागिराचा काय संबंध, पण बिल त्याच्याकडेही आलं.

मग जबाबदारांचं काय झालं. १९९४ पासून सीईओ असलेले रिचर्ड फल्ड यांना ऑक्टोबरमध्ये काँग्रेसच्या समितीने बोलावून झापलं, समितीच्या हिशोबाने त्यांनी २००० पासून ४८० दशलक्ष डॉलर कमावले होते, ते म्हणाले एवढे नाही, ३१० च्या आसपास. एक गोष्ट मान्य केली पाहिजे, त्यांचे लेहमनमधले शेअर मातीमोल झाले, त्यांनी बरंच गमावलं. म्हणून ‘अधिकाऱ्यांचा पैसाही अडकवा म्हणजे ते नीट वागतील’ हे जे सोपं औषध सांगतात ना, त्यावर माझा विश्वास नाही. फल्ड यांचा अडकलेलाच होता. कमी पडला तो जाब. हिशोबातल्या घोटाळ्यात बुडालेल्या एनरॉन कंपनीनंतर २००२ मध्ये अमेरिकेने सारबेन्स-ऑक्सली कायदा केला, सीईओ आणि सीएफओने (कंपनीचा प्रमुख आणि वित्तप्रमुख) हिशोब बरोबर असल्याची स्वतः सही करायची, खोटी निघाली तर तुरुंग. लेहमनच्या हिशोबावरही अशा सह्या होत्या. व्हॅलुकास यांनी अहवालात स्पष्ट म्हटलं की फल्ड, काही सीएफओ आणि ऑडिटर यांच्यावर दावा उभा राहू शकतो. तरीही लेहमनच्या एकाही बड्या अधिकाऱ्यावर फौजदारी खटला झाला नाही. अर्न्स्ट अँड यंगने २०१५ मध्ये न्यूयॉर्क राज्याला १० दशलक्ष डॉलर देऊन प्रकरण मिटवलं, चूक कबूल न करता. म्हणजे कायदा होता, पुरावा होता, वापरायची इच्छा तेवढी नव्हती.

होत नाही असं नाही. आइसलंड बघा, सव्वातीन लाख वस्तीचा देश, ऑक्टोबर २००८ मध्ये त्यांच्या तिन्ही मोठ्या बँका एका आठवड्यात गेल्या. त्यांनी खास सरकारी वकील नेमला, त्याला काम शिकायला वर्षं लागली, पण त्या तिघींपैकी कॉपथिंग बँकेच्या प्रमुखांसकट बरेच बँकर खरोखर आत गेले. ब्रिटनने २०१६ पासून नियम केला की बँकेतल्या प्रत्येक मोठ्या जबाबदारीपुढे एका माणसाचं नाव लिहून द्यायचं, उद्या तिथे गडबड झाली तर ‘कमिटीने ठरवलं’ हे उत्तर चालणार नाही.

आता आपल्याकडे. २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही रस्ते-बोगद्यांसारख्या प्रकल्पांना पैसा पुरवणारी कंपनी बुडाली तेव्हा सगळे चॅनल ‘भारताचा लेहमन मोमेंट’ म्हणून ओरडत होते. बीकेसीत ऑफिस, नव्वद हजार कोटींच्या वर कर्ज, ऑगस्टपर्यंत ट्रिपल ए रेटिंग आणि सप्टेंबरमध्ये थेट ‘डी’, म्हणजे कर्ज थकलेलं. दीर्घ मुदतीचे रस्ते-बोगदे, थोड्या मुदतीची उधारी, कथा तीच. सरकारने कंपनी कायद्याचा आधार घेऊन बोर्ड बदललं. पुढच्या वर्षी पीएमसी ही सहकारी बँक, तिथे २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने सांगितलं की सहा महिन्यांत हजार रुपये काढता येतील. हजार! बँकेचं बहुतेक कर्ज एचडीआयएल या एकाच बिल्डरकडे आणि ते लपवायला २१ हजार बोगस खाती. मार्च २०२० मध्ये येस बँक, तिथे ५० हजारांची मर्यादा आणि स्टेट बँकेला पुढे करून तेरा दिवसांत सगळं सुरळीत. पीएमसीवाल्यांना दोन वर्षं चार महिने थांबावं लागलं, मग ती युनिटी स्मॉल फायनान्समध्ये विलीन झाली, पाच लाखांपर्यंतचे आधी मिळाले आणि त्यावरचे हप्त्याहप्त्याने, मोठ्या रकमांचा शेवटचा हप्ता दहा वर्षांनी. येस बँकेतही ठेवीदार वाचले पण ८,४१५ कोटींचे एटी-वन बॉण्ड (बँक अडचणीत आली की रद्द करता येतात असे) शून्यावर आले, आणि ते ‘सुपर एफडी’ म्हणून साध्या ग्राहकांच्या गळ्यात मारल्याचा ठपका सेबीने बँकेवर ठेवला. हाँगकाँगचे मिनीबॉण्ड आठवतात ना.

तीन संस्था, तीन वेगळे नियम, आणि कुठला नियम कुणाला लागणार हे बुडाल्यावर कळणार. बेअर, लेहमन, एआयजी यांच्याबाबतीत जे झालं ते हेच. वित्तीय संस्था बुडाली तर काय करायचं, आधी कुणाचं नुकसान, मग कुणाचं, हे ठरवणारा कायदा आपल्याकडे येणार होता. एफआरडीआय विधेयक, २०१७ मध्ये लोकसभेत मांडलं. त्यात ‘बेल-इन’चं कलम होतं, म्हणजे बँक बुडाली तर ज्यांचे पैसे बँकेकडे आहेत, ठेवीदारसुद्धा, त्यांची काही रक्कम बँकेसाठी वापरता येईल असं, त्यावरून व्हॉट्सअ‍ॅपवर जो काही धुरळा उडाला, तुमची एफडी सरकार खाणार वगैरे, की ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारने विधेयक मागे घेतलं. काही आठवड्यांतच आयएल अँड एफएस गेली.

त्या विधेयकात दोष होते, ठेवीदाराला पाच नाही तर दहा-पंधरा लाखांपर्यंत बिनशर्त संरक्षण देऊन आणि सही करणाऱ्या संचालक-ऑडिटरची जबाबदारी नावानिशी लिहून ते परत आणायला हवं असं मला वाटतं. लोक घाबरले तेही समजू शकतो. पण भांडुपला मुख्य ऑफिस असलेल्या त्या पीएमसी बँकेतल्या ज्या ठेवीदाराचा शेवटचा हप्ता २०३२ मध्ये येणार आहे, त्याची ठेव बँक वाचवायला वापरलीच गेली की. फक्त त्याला ते आधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यावर त्याच्या खासदाराने कधी मतदानही केलं नव्हतं.